काडीने वर केलेली मूठ

मूठ बंद, हात डोक्याच्या वर: थांब.

काडीने मूठ वर केली. क्रेनच्या केबिनमधून पाखरूने भार थांबवला. भार थोडा वेळ हेलकावे खात राहिला, मग स्थिर झाला. काडी खाली बसला. मग आडवा झाला.

एवढंच घडलं. बाकी सगळं याच्या पुढे किंवा मागे आहे.

काडी हा बांधकामावरचा सिग्नलमन. उंच क्रेनवाल्याला खालचं नीट दिसत नाही, वाऱ्यात ऐकू तर मुळीच येत नाही. म्हणून खाली एक माणूस उभा राहून हातांनी सांगतो: उचल, फिरव, खाली घे. अंगाने किडकिडीत, म्हणून काडी. पाखरू हा क्रेनचालक, दोन माणसांचं वजन एकटा बाळगणारा. उंचावर बसतो म्हणून हे नाव काडीनेच पाडलं होतं. "आमचं पाखरू बसलं की फांदीला विचारा कसं वाटतं," असं तो डबा खाताना म्हणायचा, आणि पाखरू म्हणायचा, "काडी, पेटायच्या आधी पाणी पी."

वायरलेसचे संच मुकादमाच्या टेबलावर धूळ खात पडलेले असायचे. या दोघांचं हातावर भागायचं. त्यांना त्याची ऐटही होती.

त्या दिवशीचा भार म्हणजे जिना होता. कारखान्यातून तयार होऊन आलेला सिमेंटचा अख्खा जिना, साखळ्यांना लटकलेला, अजून कुठूनच कुठे न जाणारा. तो थांबला तो नेमका वाटेवर थांबला. लटकत्या भाराखालून कुणी जात नाही. त्यामुळे काडी पडल्यावर माणसं धावली ती मागून, सळयांच्या ढिगावरून, पडत धडपडत. जिना बाजूला घेतला असता तर ती सरळ पोचली असती.

पाखरूने घेतला नाही. त्यांच्या कामात नियम असा की थांबायची खूण कुणीही द्यावी, चहावाल्याने दिली तरी ती ऐकायची. पण थांबलेला भार पुन्हा हलवायची खूण एकट्या सिग्नलमनची. खाली पाच जण पाच तऱ्हांनी हात हलवत होते. त्यांच्यामध्ये काडी आडवा. कोपर वाळूच्या पोत्याला टेकलेलं, म्हणून मूठ अजून वरच. पाखरू त्या मुठीकडे बघत क्रेनचा दांडा धरून बसला.

लवकर पोचलो असतो तर, असं धावलेल्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, खात्रीने सांगता येत नाही.

आणि कुणी कधी न विचारलेला प्रश्न पाखरूजवळ राहिला. काडीने ती खूण दिली होती, की छातीत कळ आली आणि हात आपोआप वर गेला? खूण असेल तर त्याने काडीचं ऐकलं. कळ असेल तर मरणाऱ्या माणसाच्या आचक्याला हुकूम समजून तो बसून राहिला.

दोन्ही हात छातीसमोर, बोटं एकमेकांत अडकवलेली: सगळं जिथल्या तिथे.

दिवस गेले, महिने गेले. पाखरूचा उजवा हात मात्र केबिनमध्येच राहिला.

कुठेही काही लटकताना दिसलं की तो मिटायचा. खुंटीवरची पिशवी. दोरीवरचा टॉवेल. न्हाव्याच्या आरशाशेजारी लोंबणारा चामडी पट्टा. अंगठा आत, चार बोटं वरून, दांड्यावर असतात तशी. मग पाखरूची बायको शेजारी बसून एकेक बोट सोडवायची. आधी करंगळी, तिच्यात जोर कमी म्हणून.

नसांच्या तपासण्या झाल्या. हाडांचे फोटो झाले. "हाताला काही झालेलं नाही," असं तिन्ही डॉक्टरांनी सांगितलं.

"मग कोणाला झालंय ते तरी सांगा," बायको म्हणाली.

घरातलं लटकणारं सगळं तिने हळूहळू उतरवलं. कपडे खुर्च्यांवर वाळायला लागले. छताचा दिवा भिंतीवर गेला. छत्र्या पलंगाखाली. "आपलं घर पूर ओसरल्यासारखं दिसतं," ती म्हणाली, पण एकदाच. कंपनीने पाखरूला फाटकावर बसवलं, गाड्या आत सोडायला. तिथे आडवा दांडा होता, वरखाली होणारा. तो दुसऱ्याने चालवायचा.

"अहो, बोला कुणाशी तरी."

"तुझ्याशी बोलतो की."

"माझ्याशी तुम्ही मीठ कमी आहे एवढंच बोलता."

"ते असतंच कमी."

"बघा. झालं बोलून."

तिनेच पत्ता शोधला.

एका हाताने खूण, दुसरा तळवा तिच्यावर स्थिर: सावकाश.

किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर खोली होती. किल्ली घासल्याचा आवाज फरशीतून वर यायचा. दारावर पाटी: मन आणि शरीर, दोन्हींचा एकत्र उपचार. फक्त प्रौढांसाठी.

"असली पाटी पूर्वी थेटराबाहेर असायची," पाखरू आत येता येता म्हणाला.

"म्हणून तर लोक येतात," बाई म्हणाल्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर ढकललेला, पायात मोजे. खोलीत दोन खुर्च्या, एक सतरंजी, एक मोकळी भिंत. "बसा. की उभं राहायचंय?"

हे त्याला कुठल्याच डॉक्टरने विचारलं नव्हतं. तो उभा राहिला.

"गोळ्या देणार?"

"गोळ्या तुमचे डॉक्टर देतात, त्या चालू ठेवा. मी विचारते आणि बघते. तुम्ही बोलता तेव्हा शरीर काय करतं ते."

"शरीर काय करणार. आहे तिथेच आहे."

"तळपाय कुठे आहेत?"

"बुटात."

"बरं. डाव्यावर भार जास्त आहे की उजव्यावर?"

आणखी एक विनोद त्याच्या ओठावर होता, पण त्याआधी त्याने खाली बघितलं. भार कशावरच नव्हता. गुडघे ताठ, टाचा जेमतेम टेकलेल्या. मागे केबिनची खुर्ची असल्यासारखा तो तिच्यावर टेकून उभा होता, आणि मागे काहीच नव्हतं.

"क्रेन उभारताना आम्ही आधी पाय बघतो," तो जरा वेळाने म्हणाला. "जमीन दबते का, पाया हलतो का. मग वरचं."

"मग तसंच करू. आधी पाय."

कित्येक आठवडे नुसते पायच. टाच टेकवायची, उचलायची, चालायचं, थांबायचं, थांबल्यावर कुठे काय होतं ते सांगायचं. त्याला वाटलं, हे पैसे काढायचे धंदे. पण बाई त्याच्या प्रत्येक उत्तराची वाट बघायच्या, आणि तशी वाट बघणारं माणूस त्याने याआधी एकच पाहिलं होतं.

पायांनंतर श्वास. श्वासानंतर त्यांनी त्याला सगळं सांगायला सांगितलं, पण तुकड्यातुकड्यांनी, आणि दर तुकड्याला अडवून: आता कुठे? 'जिना' म्हटलं की आधी श्वास गळ्याशी अडायचा. मग दात आवळायचे. मग उजवा खांदा कानाकडे चढायचा. मग मूठ.

"मूठ शेवटी येते," त्याने घरी बायकोला सांगितलं. "मला वाटायचं तीच पहिली."

बायकोने भांडं घासता घासता मान वर केली. तो आपणहून काही सांगत होता.

एकदा बाईंनी खुंटीला कापडी पिशवी लावली, त्याला आधी विचारून. हात मिटला. त्याने डावा हात पुढे केला, बोटं सोडवायला.

"राहू द्या की. ती काय करतेय ते विचारा तिला."

"हाताला विचारू? बायको म्हणेल, होतं तेवढं डोकंही गेलं."

"बायकोला नका सांगू."

पाखरूने मुठीकडे पाहिलं. आपली नसलेली वस्तू बघावी तसं बराच वेळ पाहिलं. "धरून बसलीय," तो म्हणाला.

"काय?"

"जिना."

तर्जनी जमिनीकडे, लहान गोल: खाली घे.

इथे बाईंकडून चूक झाली.

पाखरूने त्यांना खुणा शिकवल्या होत्या. त्यांनीच विचारल्या होत्या आणि त्या दिवशी तो पहिल्यांदा खुलला होता. "असं नाही, बाई. हे म्हणजे तुम्ही क्रेनला टाटा करताय." बाई हसल्या, पुन्हा केलं, घरी आरशासमोर आणखी केलं. त्यांना वाटलं, वाट सापडली. माणूस इतके दिवस जिना धरून बसलाय, त्याला कुणी खाली घे म्हणालंच नाही. कुणीतरी म्हणावं.

पुढच्या वेळी मूठ मिटली तेव्हा त्या उठल्या, भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या, हात लांब करून तर्जनी जमिनीकडे वळवली आणि लहान लहान गोल काढले. खूण अगदी बरोबर होती.

पाखरूचा हात सैल पडला नाही. तो इतका आवळला की नखं तळव्यात रुतली आणि बोटांच्या फटीतून रक्त आलं.

"हात खाली करा," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "तुम्ही कोण? तुम्ही कशी देता ही खूण?"

"मला वाटलं..."

"मला सगळेच देत होते. पाच जण देत होते."

तो बूट हातात घेऊनच जिना उतरला. किल्लीवाल्याने वर पाहिलं आणि मशीन बंद केलं.

खूण नाही.

"आज लवकर?"

"हं."

"हाताला काय लागलं?"

"काही नाही. तिने खूण केली."

"कसली?"

"खाली घ्यायची. तिने कशी करावी? ती काय सिग्नलमन आहे?"

"नाही."

"मग?"

"मग तुम्ही कुणाची वाट बघताय, ते विचारते मी. काडीभावोजी येणार आहेत का खूण द्यायला?"

"गप बस गं."

"गपच होते इतके दिवस. ते बिचारे पडले एकदाचे. तुम्ही त्यांना अजून उन्हात उभं केलंय. आणा तो हात. धुऊ दे."

काही आठवडे तो गेला नाही. मग गेला. बाईंनी दार उघडलं आणि तो बसायच्या आधीच म्हणाल्या, "माझं चुकलं. ती जागा माझी नव्हती. मी जाऊन उभी राहिले."

"हं."

"आता कुणाची आहे ती?"

"कुणाची नाही. रिकामी आहे."

खाली किल्ली घासली जात होती.

"बाई, एक सांगा. तुम्ही शिकलेल्या आहात. ती खूण होती, की कळ होती?"

"मला माहीत नाही."

"कळ असेल तर मी उगाच थांबलो. जिना हलवला असता तर माणसं सरळ पोचली असती त्याच्यापाशी."

"हो."

तुमची काही चूक नाही, असं आजवर सगळ्यांनी म्हटलं होतं. मुकादमाने, मेव्हण्याने, काडीच्या बायकोनेसुद्धा. बाई म्हणाल्या नाहीत, आणि त्या हो म्हणाल्यावर पाखरूच्या गळ्याशी अडलेला श्वास थोडा खाली गेला.

"मी तिथे नव्हते," त्या म्हणाल्या. "पण तो कसा उभा राहायचा, ते तुम्ही रोज पाहिलंय. कधी त्याच्या जागी उभे राहिला होतात?"

"मी वर असायचो."

"आज राहून बघाल? नको वाटलं की थांबू. थांबायची खूण कुणीही दिलेली चालते ना?"

तो पहिल्यांदाच जरासा हसला. "चालते."

हात आडवा, बोट जायच्या दिशेला: फिरव.

त्याने ते शरीर वर्षानुवर्षं वरून पाहिलं होतं. तो आता त्यात शिरला.

भार डाव्या पायावर. उजवी टाच किंचित उचललेली, कारण काडीचे बूट नेहमी एक नंबर मोठे. पोट पुढे. मान इतकी मागे की तोंड आपोआप थोडं उघडं. एवढा मोठा माणूस, पण त्याचे खांदे अरुंद झाले. खिडकीच्या पडद्याच्या दांडीचं टोक म्हणजे केबिन, असं ठरलं.

"आता कळ आली," पाखरू स्वतःच म्हणाला.

एकदा. तो पुढे वाकला आणि उजवा हात छातीवर आला.

पुन्हा. तो वाकला, हात बाजूला गेला, आधार शोधायला, पोतं शोधायला.

पुन्हा. हात पोटाशी, कोपर बरगडीला चिकटलेलं, सगळं अंग आत, आत, गोगलगाईसारखं.

"वर जात नाही," तो वाकलेलाच राहून म्हणाला. "बाई, हात वर जातच नाही."

"जायला काय लागेल?"

तो तसाच थांबला. मग उजवी टाच जमिनीला टेकली. मग गुडघा सरळ झाला. मग पाठ, सावकाश, एकेक मणका. मग बरगड्या उघडल्या, नेमक्या तिथे जिथे कळ असणार. मग खांदा. मग हात. सगळ्यांत शेवटी मूठ.

"दुखतं," तो म्हणाला. "इथून ओढून न्यावा लागतो. न्यायचं ठरवल्याशिवाय नाही जात."

हात वर ठेवून त्याने केबिनकडे पाहिलं. पडद्याच्या दांडीकडे नव्हे, त्या दिवशीच्या केबिनकडे, काडीच्या डोळ्यांनी. दुपार होती. ऊन केबिनच्या काचेवर होतं. "मी दिसत नव्हतो त्याला," तो म्हणाला. "खालून नुसती काच चमकते. मला वाटायचं, माझ्याकडे बघतोय. इतकी वर्षं तो काचेला खुणा करत होता."

"आणि जिना?"

"जिना हेलकावे खातोय." त्याची नजर एका जागी झुलली, लहान होत गेली, थांबली. "आता थांबला." आणि मग, काही वेळाने: "तो थांबेपर्यंत हा उभा होता. मग बसला. मी पाहिलंय ते. रोज बघतोय. मूठ, हेलकावा, हेलकावा संपला, मग बसला."

तोही सतरंजीवर बसला. जड भार टेकताना जमिनीतून येतो तसला आवाज त्याच्या छातीतून आला, मग पुन्हा आला. बाई थोड्या अंतरावर, त्याच्याच उंचीवर बसल्या. किल्लीवाल्याचं मशीन चालू झालं, बंद झालं.

"भार मोकळा सोडून पडायचं नव्हतं त्याला," तो शेवटी म्हणाला.

"हं."

"तरी माणसं उशिरा पोचलीच."

"हो. पोचली उशिराच."

"ते राहणार."

"ते राहणार."

उजवी मूठ अजून मिटलेली होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, त्यानेही पाहिलं. "असू दे," तो म्हणाला.

तर्जनी आकाशाकडे, लहान गोल: उचल.

"वर नको," त्याने मुकादमाला सांगितलं. "खाली द्या."

"खाली?" मुकादमाने चहाचा कप ठेवला. "ज्याचा हात मिटतो त्याला मी खुणा द्यायला उभा करू? आधी लोक माझ्यावर हसतील, मग रडतील."

"बघा तरी."

"पाखरू खाली उतरलं तर त्याला म्हणायचं काय?"

"कोंबडी म्हणा. पण बघा."

मुकादमाने बघायचं ठरवलं, पण त्याच्या पद्धतीने. काम बंद असताना, मोकळ्या मैदानात. भार म्हणून पाण्याचं पिंप, माणसाच्या उंचीच्या वर न्यायचं नाही. आताचा सिग्नलमन शेजारी उभा. वायरलेस सगळ्यांच्या गळ्यात. काडीनंतर ते टेबलावर राहत नसत. केबिनमध्ये नवा चालक होता. पाखरूने वर पाहिलं. चेहरा दिसला नाही. काच होती, तिच्यावर ऊन.

त्याने तर्जनी वर केली, फिरवली. साखळी ताणली गेली. पिंप जमिनीवरून सुटलं, वर आलं, लटकलं.

श्वास गळ्याशी आला. त्याला आता क्रम ठाऊक होता. दात. खांदा. त्याने टाचा टेकवल्या. डावी, मग उजवी. जमीन दबत नव्हती. हात मिटायला लागला तेव्हा त्याने तो अडवला नाही, बरगड्या उघडून वर नेला.

थांब.

पिंप थांबलं. हेलकावलं, कमी हेलकावलं, स्थिर झालं. वर कुणीतरी त्याची मूठ बघत दांडा धरून बसलं होतं.

आता खाली घ्यायचं होतं. मूठ उघडेना.

मुकादमाचा हात वायरलेसवर गेला. शेजारचा सिग्नलमन हळूच म्हणाला, "दादा, घेऊ का मी?"

"नको."

वरच्याचा श्वास अडला असेल, पाखरूला वाटलं. दात आवळले असतील. तो काही विचारू शकत नाही, उतरू शकत नाही, इकडे तिकडे बघू शकत नाही. आपण हलवेपर्यंत तो हलणार नाही. आपण इथेच कोसळलो तरीही.

त्याने करंगळीला हाक दिली, बायको आधी तीच सोडवायची तशी. ती आली नाही. अनामिका आली नाही. मधलं बोट तळव्यात रुतलेलंच.

पण खाली घ्यायच्या खुणेला सगळी मूठ उघडावी लागत नाही. तिला एकच बोट लागतं, बाकीची मिटलेलीच असतात. हे तो इतकी वर्षं वरून बघत आला होता आणि आत्ता त्याच्या हाताला आठवलं.

तर्जनी सुटली. त्याने हात खाली आणला, बोट जमिनीकडे वळवलं, दुसऱ्या हाताचा तळवा त्यावर धरला. सावकाश. एक लहान गोल, मग आणखी एक.

पिंप उतरत आलं, मातीला टेकलं. त्याच्यावरची साखळी सैल पडली.